माझी एकच मागणी

मला वाटाघाटी करता येत नाहीत, असं आमच्या कंपनीचं मत पडलं. कामाबद्दल तक्रार नव्हती. काम चोख, पण बाई फार लवकर 'नाही' म्हणते आणि एकदा म्हणाली की म्हणाली, असा एकंदर सूर. हे सांगायला आमच्या मॅनेजरने मला काचेच्या खोलीत बोलावलं, कॉफी दिली आणि माझ्या स्पष्टवक्तेपणाचं बराच वेळ कौतुक केलं. एवढं कौतुक ऐकलं की पुण्याचा माणूस सावध होतो. मी म्हटलं, "अहो, मुद्द्याचं बोला. काय बिनसलंय?"

तो म्हणाला, "बघा मॅडम, हेच."

मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. हे कळल्यापासून आमच्या सोसायटीतले लोक मला गॅलरीला काच लावू का, म्हणून विचारतात. आधी समजावून सांगायचे, आता 'लावा' म्हणून मोकळी होते. माझं काम थोडक्यात असं. एखाद्या संस्थेला संगणकाकडून काय हवंय ते ऐकायचं, त्याचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा कशावर उभा राहील ते ठरवायचं आणि मग त्यातला एकेक तुकडा काढून टाकायला निघालेल्या लोकांशी भांडत बसायचं. म्हणजे भांडण हे माझ्या नोकरीतच मोडतं. फक्त ते येरवड्याच्या एका काचेच्या इमारतीत, एसी लावून आणि इंग्रजीत केलं की त्याला वाटाघाटी म्हणतात.

आता मला वाटाघाटी येत नाहीत त्याला कारण आमचे वडील. लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दारातच पाटी होती: 'भाव एकच. घासाघीस करायची असल्यास समोर दुकान आहे.' समोर खरोखरच दुसरं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याचा मालक रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचा. वडिलांना लोक उद्धट म्हणायचे. उद्धट होतेच ते. पण त्यांनी सांगितलेल्या भावात हवा भरलेली नसायची. त्यामुळे गिऱ्हाइकाने कितीही तोंड वेंगाडलं तरी कमी करायला आत काही नसायचं.

दुकानात आणखी एक शिरस्ता होता. काचा फ्रेममध्ये बसल्या की वडील भिंगाचा नंबर यंत्रावर तपासायचे आणि काही न बोलता चष्मा आईकडे सरकवायचे. आई दुपारी दुकानात बसायची. ती पुन्हा स्वतः नंबर काढायची आणि मोठ्याने सांगायची. तो डॉक्टरांच्या आकड्याशी जुळला की वडील म्हणायचे, "डबीत घाला." आईला आकडा आधी सांगायचा नाही, हा नियम. आधी सांगितला की डोळ्याला तोच दिसतो, असं वडिलांचं म्हणणं. एकदा एक गृहस्थ बाहेर रिक्षा थांबवून घाई करायला लागले, "बघितलंय ना तुम्ही? मग द्या की तसाच." वडील म्हणाले, "तसाच हवा असेल तर फ्रेम घेऊन जा, काचा राहू द्या." त्या गृहस्थांनी रिक्षा सोडून दिली आणि मुकाट बाकावर बसले.

वडील गेले, दुकानही गेलं. आई राहिली, आणि तिला मधुमेह झाला. काही वर्षांपूर्वी ती एका इस्पितळात होती. जेवणाआधी तिला इन्शुलिनचं इंजेक्शन द्यायचं असायचं. एका दुपारी शेजारच्या बाईंचं, कितीतरी जास्त मात्रेचं, आईला दिलं. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ती घामाने भिजली होती आणि मला ओळखत नव्हती. तिने मला 'आपण कोण?' असं विचारलं, आणि तेही 'आपण' म्हणून, अगदी अदबीने. तो 'आपण' मी अजून विसरलेले नाही. साखरेचं सलाईन लावलं, आई शुद्धीवर आली. इस्पितळवाले म्हणाले, गर्दीत होतं असं कधीकधी. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा मी ते मागून घेतलं. वॉर्डात नर्स ट्रॉली ढकलत येणार, तिच्या हातात टॅबलेट असणार, पेशंटच्या मनगटावरचा पट्टा त्याने वाचायचा की औषध आणि मात्रा समोर. छान. त्यात मी एक गोष्ट घातली. इन्शुलिन आणि तसली दोनचार जिवावर बेतणारी इंजेक्शनं असतील तर टॅबलेटने तिथेच थांबायचं. दुसऱ्या नर्सने यायचं, सिरिंज बघायची, आपला कोड टाकायचा, मगच पुढे. मी त्याला 'दुसरी नजर' म्हणत होते. सगळं काम इकडचं तिकडे झालं असतं तरी मला चाललं असतं. ही एक गोष्ट राहायला हवी होती.

आणि नेमकं त्याच सुमारास मला वाटाघाटी शिकायला पाठवलं.

खडकवासल्याच्या पलीकडे, धरणाचं पाणी दिसेल न दिसेल अशा एका रिसॉर्टवर आम्हा सगळ्या आर्किटेक्ट मंडळींना मॅनेजरसकट बसने नेलं. तिथे शिकवायला आलेले गृहस्थ मोज्यांशिवाय बूट घालून आले होते आणि खुर्ची असताना टेबलावर बसत होते. आल्याआल्या त्यांनी आम्हाला डोळे मिटून 'नाही' हा शब्द फुग्यात भरून आकाशात सोडायला सांगितला. पन्नाशीला टेकलेली, कर्जं फेडणारी, पोरांच्या ॲडमिशनने गांजलेली माणसं डोळे मिटून फुगे सोडत बसली. मी डोळे उघडे ठेवून समोरच्या टपरीवर कणसं भाजली जात होती तिकडे बघत बसले.

मग त्यांनी सिद्धांत सांगितले. समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही, 'हो, आणि' म्हणायचं. प्रत्येक मागणीच्या मागे माणसाची खरी गरज दडलेली असते, ती खणून काढायची. आणि आपण टेबलावर जाताना चारदोन मागण्या जास्तीच्या घेऊन जायच्या. त्या सोडण्यासाठीच असतात. समोरच्याला काहीतरी सोडून दिलं की तो खूश होतो आणि आपलं खरं काम होतं. "थिंक ऑफ देम ॲज गिफ्ट्स," असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या.

मला हसू आलं, कारण हे शिकवायला बूटवाल्याची गरजच नव्हती. आमच्या धंद्यात ही रीत रक्तातच भिनलेली आहे. काम किती दिवसांचं, असं प्रोग्रॅमरला विचारलं की तो मनातल्या आकड्यात थोडी हवा भरून सांगतो. त्याच्या वरचा त्यात आणखी भरतो. मॅनेजर आणखी. मग तो टम्म फुगलेला आकडा ग्राहकासमोर जातो, ग्राहक तो निम्म्यावर आणतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. हवा होती हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणी तसं म्हणायचं नसतं. याला आम्ही बफर म्हणतो. एखाद्या भोळ्याने खरा आकडा सांगितला तर त्याचाही निम्मा होतो आणि तो मेला रात्रंदिवस राबत बसतो. भोळेपणाचं फळ मिळालं म्हणून बाकीचे त्याच्याकडे दयेने बघतात.

दुपारी जोड्या लावून नाटक करायचं होतं. माझ्याकडे जुनी स्कूटर विकायचं काम आलं. घेणारा आमच्याच कंपनीतला. मी किंमत सांगितली. त्याने निम्मी सांगितली. मी म्हटलं, "सांगितली ना एकदा?" त्याने पाऊण सांगितली. मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू कमी येतं का?" तो बिचारा रडकुंडीला आला. बूटवाले टाळ्या वाजवत मधे आले आणि म्हणाले, "मॅडम, यू लॉस्ट द डील!"

"कुठे? स्कूटर माझ्याकडेच आहे की," मी म्हटलं.

त्यावर सगळे हसले, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मॅनेजरकडे असं बघितलं, जसं वैद्य पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतो.

परत आल्यावर आठवडाभरात हॉस्पिटलबरोबर शेवटची बैठक होती. मला बोलावलं नव्हतं. वाटाघाटी येत नाहीत ना! मॅनेजर जाणार होता. तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, आपल्या बाजूने काय काय मागू?"

मी म्हटलं, "दुसरी नजर राहायला हवी."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढीच मागणी."

"एकच?" तो डोळे मिचकावून हसला, जणू आमच्यात काही गुपित ठरलंय. मी त्या हसण्याकडे दुर्लक्ष केलं. आमच्या घरात कुणी भाव ऐकून डोळे मिचकावले असते तर वडिलांनी त्याला डोळे तपासून घ्यायला बसवलं असतं.

संध्याकाळी तो उड्या मारतच परत आला. हॉस्पिटलला काम लवकर सुरू करायचं होतं, ते आम्हाला जमणार नव्हतं, आणि त्याने म्हणे फार सुंदर तोड काढली होती. तारीख आमचीच राहिली. मी विचारलं, "बदल्यात काय दिलंत?"

"तुमची दुसरी नजर," तो म्हणाला. "त्यांना नकोच होती, वेळ खाते म्हणून. दिली सोडून. आता सांगा, तुमच्या खऱ्या मागण्या काय आहेत? त्या पुढच्या मीटिंगला रेटू."

मला आधी कळेचना तो काय बोलतोय. मग कळलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या शहाण्याला वाटलं होतं, पहिली मागणी म्हणजे सोडायची मागणी! खऱ्या मी पदराला बांधून ठेवल्यात आणि योग्य वेळी काढणार! एक बाई एकच गोष्ट मागते आणि तिला तीच हवी असते, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दुष्टपणा असता तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण त्याने हे सगळं माझ्या भल्यासाठी केलं होतं, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघत उभा होता.

मी शांतपणे म्हटलं, "मग मी मंजुरी देत नाही."

आमच्याकडे आर्किटेक्टने मंजुरी दिल्याशिवाय काम ग्राहकाकडे जात नाही. तसा नियम आहे. तो आजवर कुणी वापरला नव्हता, कारण मंजुरी हा उपचार आहे, असं सगळे धरून चालतात. दाराला कडी असते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस म्हणजे तमाशा होता नुसता. मी 'नाही' म्हणत होते आणि ते माझी खरी गरज खणत होते. मॅनेजरने विचारलं, मॅडम, नक्की काय हवंय? मी म्हटलं, दुसरी नजर. ते झालं हो, पण त्याच्या मागे काय आहे? मागे काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवी खुर्ची आली, पाठ टेकल्यावर मागे झुकणारी. मी नाही म्हटलं. मग इमारतीच्या आत गाडी लावायची जागा. नाही. मग माझ्या हुद्द्याआधी 'चीफ' लावतो म्हणाले. मी म्हटलं, लावा, पण मंजुरी नाही. मॅनेजरचा वरचा साहेब आला आणि परदेशात एक परिषद आहे, तुम्ही जाल का, असं सहज विचारून गेला. शेवटी एचआरमधली एक गोड मुलगी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "घरी आई आहे, तिला मधुमेह आहे, आणि तिला एकदा दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं होतं. हे मी तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगितलंय."

"ओ, सो इट्स पर्सनल!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की बस्स. सापडली म्हणे गरज! मी कपाळाला हात लावला.

माझ्या प्रत्येक नकाराबरोबर माझा भाव वाढत होता. मला वाटाघाटी येत नाहीत म्हणणारे आता आपसात म्हणायला लागले, की बाई फार मुरलेली आहे, ताकास तूर लागू देत नाही. काय सांगायचं या लोकांना? मी पहिल्या दिवशीच ताक, तूर सगळं टेबलावर ठेवलं होतं.

अखेर हॉस्पिटलचा कारभार बघणारे गृहस्थ स्वतः आले. पांढरा कडक शर्ट, गोड हसरा चेहरा, बोलणं अतिशय सभ्य. या वेळी मला बैठकीत बसवलं. ते म्हणाले, "मॅडम, आपली कळकळ मला समजते. पण एका इंजेक्शनला दोन सिस्टर म्हणजे वॉर्डाचं काम कसं चालायचं?"

मी म्हटलं, "एका सिस्टरने माणूस मेला तर कसं चालायचं?"

मॅनेजरने टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. मी पाय काढून घेतला. मग मी आईची हकिकत सांगितली, त्या 'आपण कोण'सकट.   ते गृहस्थ पुढे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे दोघींचे कोड पडल्याशिवाय टॅबलेट पुढे जाणार नाही. एवढंच ना आपलं म्हणणं?"

"एवढंच."

"मग ठेवा की," ते म्हणाले. "आमची हरकत नाही. आपण जिंकलात, मॅडम."

बदल्यात त्यांनी काहीच मागितलं नाही. मी तिथल्या तिथे मंजुरी दिली. त्या संध्याकाळी खडकीच्या सिग्नलला स्कूटरवर थांबले असताना मी एकटीच हसत होते, शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं, की बघा, तुमचा एकच भाव येरवड्यातसुद्धा चालतो.

त्यानंतर माझी जी वरात निघाली ती विचारू नका. बूटवाल्यांचा फोन आला. माझी 'केस' त्यांना शिकवण्यात वापरायची होती. नव्या आर्किटेक्ट मंडळींना वाटाघाटींवर चार शब्द सांगा, म्हणून कंपनीने मलाच उभं केलं. म्हणजे ज्या बाईला ही विद्या येत नाही म्हणून बसमध्ये घालून नेली होती, तीच आता गुरू! मी सांगितलं, "जे हवं तेच मागा आणि ते मिळेपर्यंत हलू नका. शिकवण्यासारखं यात काही नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हटलं तरी त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खरं सांगते, तिथे बसायला वाईट वाटत नव्हतं.

वर्षभराने आई घरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचे ते नेमकं तेच निघालं. मला तर बरंच वाटलं. ऑपरेशन नीट झालं, आईला जनरल वॉर्डात आणलं, आणि मी तिच्या उशाशी बसून ट्रॉलीवरचा टॅबलेट दाखवत म्हटलं, "आई, ते मी केलंय."

आईने मान वळवून बघितलं. "बरं आहे की. मग त्यांना चहाचंही काहीतरी करायला सांग. पाणचट असतो."

मी तिला दुसऱ्या नजरेची गोष्ट सांगितली. दुकानातल्यासारखं आहे म्हटलं, एकीने बघायचं, मग दुसरीने. ऐकताना आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

दुपारी जेवणाचं ताट आलं आणि पाठोपाठ सिस्टर ट्रॉली घेऊन आली. तरुण, चेहऱ्यावर थकवा, पण हात चपळ. तिने आईचा पट्टा वाचला, सिरिंज भरली, आपला कोड टाकला. टॅबलेट वाजला. मग माझा स्क्रीन आला: दुसऱ्या सिस्टरने पाहून कोड टाकावा. मी सावरून बसले. आईला म्हटलं, "बघ हं आता."

सिस्टरने मान वर न करता तिथेच दुसरा कोड टाकला. टॅबलेट पुन्हा वाजला.

"अहो सिस्टर, दुसऱ्या सिस्टर कुठायत?" मी विचारलं.

"कोण दुसऱ्या?"

"आत्ता तुम्ही ज्यांचा कोड टाकलात त्या."

"ती व्हय? ती वरच्या मजल्यावर हाय. दुपारी एका मजल्यावर एकच सिस्टर असते, मॅडम. तिचा कोड मला पाठ हाय, माझा तिला."

"पण तिने बघायला हवं ना! त्यासाठीच आहे ते!" माझा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक वळून बघायला लागले.

"ती खाली येईस्तोवर आजींचं ताट गार होईल. आणि वर तिचे पेशंट कोण बघंल?" तिला राग आलेला नव्हता. ती मला समजावत होती. "मशिन आलं तेव्हा वरच्या साहेबांनीच सांगितलं आम्हाला, कोड एकमेकींना देऊन ठेवा, म्हणजे काम अडायचं नाही. त्ये नाही का, पांढरा शर्टवाले, हसून बोलतात त्ये."

दोघींचे कोड पडल्याशिवाय टॅबलेट पुढे जाणार नाही. एवढंच ना? एवढंच. माझ्याच तोंडाने म्हटलं होतं मी, आणि त्याने ते माझ्याकडून सभ्यपणे वदवून घेतलं होतं. मी कोड मागितले, त्याने कोड दिले. नर्स एकही वाढवली नाही. मला जन्मभर ज्या रितीचा तिटकारा होता, सोडण्यासाठीच ठेवलेली ती पोकळ वस्तू, तीच माझ्या हातात ठेवून त्याने माझ्या तोंडाला पानं पुसली होती. आणि मी त्यावर भाषणं देत होते! पोरं टाळ्या वाजवत होती! संताप, लाज, काय काय झालं मला. त्या हसऱ्या चेहऱ्याला तिथे समोर उभं करून विचारावंसं वाटलं. पण समोर होती ती सिस्टर, हातात सिरिंज घेऊन, पुढच्या खाटा खोळंबलेल्या.

"तिच्याशी काय भांडतेस?" आई म्हणाली. "तू बघ की. चष्मा आहे ना नाकावर?"

सिस्टर मला मात्रा सांगायला लागली, तशी आईने पडल्यापडल्या हात वर केला. "अहं, आकडा सांगू नका तिला. नुसती सिरिंज दाखवा."

मी सिरिंज उजेडात धरून बघितली. रेघा मोजल्या. "आठ," मी म्हटलं.

सिस्टरने टॅबलेटकडे बघितलं. "आठच."

"डबीत घाला," आई म्हणाली आणि तिने दंड पुढे केला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ताटावरची झाकणी काढण्याच्या निमित्ताने पुसलं. सिस्टर हसली, ट्रॉली वळवून शेजारच्या खाटेकडे गेली. तिथे एक आजोबा होते. सकाळपासून त्यांच्याजवळ कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनाही जेवणाआधी इन्शुलिन असायचं. सिस्टरने त्यांचा पट्टा वाचला, दुसरी सिरिंज भरली.

मी उठले. दोन खाटांमधला हिरवा पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "सिस्टर, थांबा. तीही दाखवा मला."

तिने चमकून वर बघितलं, आजोबांनीही.

"तुम्ही यांच्या कोण?" सिस्टरने विचारलं.

मी तोंड उघडलं. आर्किटेक्ट, असं म्हणणार होते की काय कोण जाणे. सिस्टर म्हणाली, "मॅडम, नातेवाईक नसलात तर पेशंटपाशी थांबता येत नाही. नियम हाय."

मी पडदा सोडला आणि येऊन आईच्या खाटेच्या कडेला बसले. आई वरण कालवत होती. पडद्यापलीकडे टॅबलेट वाजला, आणि लगेच पुन्हा वाजला.